बालसाहित्यातील भावंडे : आदर्श, कलह आणि जबाबदारी

सारांश :
भावंडांचे नाते हा बालसाहित्यातील सर्वांत जुन्या विषयांपैकी एक होय. लोककथा, व्रतकथा, संस्कारकथा, अनुवादित कादंबऱ्या आणि चित्रपुस्तके यांतून हे नाते निरनिराळ्या रूपांत प्रकट झाले आहे. प्रस्तुत लेखात निवडक मराठी, बंगाली, जर्मन व इंग्रजी कृतींच्या आधारे या चित्रणाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. भावंडांमधील मत्सर, राग व कलह यांना पुस्तकात कितपत स्थान मिळते आणि थोरल्या बहिणीवर टाकलेल्या जबाबदारीकडे साहित्य कोणत्या दृष्टीने पाहते, या दोन प्रश्नांवर विवेचनाचा भर आहे.

बीजसंज्ञा : बालसाहित्य, भावंडे, संस्कारकथा, भावंडमत्सर, चित्रपुस्तक.

१. प्रस्तावना

मुलाच्या जीवनात आईवडिलांनंतर सर्वाधिक सहवास भावंडांचा असतो. वाटून खाणे, वाट पाहणे, भांडणे, समेट करणे, गुपित राखणे या गोष्टी मूल प्रथम भावंडांमध्ये शिकते. त्यामुळे बालसाहित्यात भाऊबहीण वारंवार येणे स्वाभाविक आहे. मात्र पुस्तकातील भावंडे आणि घरातील भावंडे यांत पुष्कळदा अंतर पडते. घरातली भावंडे एकमेकांच्या वस्तू हिसकावतात, चुगल्या करतात आणि घटकाभराने एकत्र खेळू लागतात. पुस्तकातली भावंडे मात्र बहुधा एकमेकांसाठी त्याग करताना दिसतात. हे अंतर का पडले आणि त्याचा बालवाचकावर कोणता परिणाम संभवतो, हे पाहणे बालसाहित्याच्या अभ्यासकाला, शिक्षकाला आणि पालकाला सारखेच उपयुक्त ठरेल.

२. लोककथा आणि कहाण्यांतील भावंडे

छापील बालसाहित्य येण्यापूर्वी मुले जे ऐकत असत, त्यात भावंडांच्या नात्याचे चित्रण आश्चर्य वाटावे इतके निर्भीड होते. श्रावणातील शुक्रवारची कहाणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. या कहाणीतील श्रीमंत भाऊ गावजेवण घालतो, परंतु गरीब बहिणीला बोलावत नाही. मुले उपाशी आहेत म्हणून ती आपण होऊन पंगतीला जाते, तेव्हा तो तिचा अपमान करून तिला घालवून देतो. पुढे तिला चांगले दिवस येतात आणि तोच भाऊ तिला सन्मानाने जेवायला बोलावतो. बहीण आपले दागिने काढून पाटावर ठेवते आणि एकेका दागिन्यावर एकेक पदार्थ ठेवू लागते. आमंत्रण आपल्याला नसून या दागिन्यांना आहे, हे ती कृतीतून दाखवते. भाऊ खजील होतो व क्षमा मागतो. कहाणी नाते तोडत नाही. परंतु समेट होण्याआधी अन्यायाचा स्पष्ट उच्चार करते. घरातील बायकांबरोबर मुलेही ही कहाणी ऐकत आली आहेत.

जर्मनीत ग्रिम बंधूंचा कथासंग्रह १८१२ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील हान्सेल आणि ग्रेटेल ही अरण्यात सोडून दिलेली भावंडे परस्परांच्या आधाराने जगतात. आरंभी हान्सेल खडे टाकून वाट शोधतो आणि बहिणीला धीर देतो. शेवटी चेटकिणीला भट्टीत ढकलून भावाची सुटका ग्रेटेल करते. म्हणजेच रक्षणकर्त्याची भूमिका कथेच्या ओघात भावाकडून बहिणीकडे जाते. याच संग्रहातील सहा हंसांच्या कथेत मात्र भावांना शापमुक्त करण्यासाठी बहीण सहा वर्षे मौन पाळून सदरे शिवत राहते. धाडस करणारी आणि मुकाट्याने सोसणारी अशी बहिणीची दोन रूपे एकाच परंपरेत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पुढील काळातील बालसाहित्याने यांपैकी दुसरे रूप अधिक उचलले.

३. आदर्श बंधुप्रेमाची मराठी परंपरा

महाराष्ट्रात भावंडांचा आदर्श म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांचे चरित्र पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगितले जाते. आईवडिलांच्या पश्चात समाजाने दूर लोटलेली ही चार मुले परस्परांचा आधार बनली. या चरित्रातील एक विशेष बालवाङ्मयात पुरेसा ठसत नाही. येथे थोरला भाऊ गुरू आहे हे खरे. परंतु लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली तेव्हा त्यांना समजावले ते सर्वांत धाकट्या मुक्ताबाईंनी, अशी परंपरेची श्रद्धा आहे. ताटीचे अभंग या प्रसंगाशी जोडलेले आहेत. वयाने लहान बहीण थोर भावाला उपदेश करते आणि भाऊ तो ऐकतो, हा प्रसंग मोठ्यांचा अधिकार व लहानांचे आज्ञापालन या नेहमीच्या चौकटीबाहेरचा आहे. मुलांसाठीच्या चरित्रांत भिंत चालवण्यासारख्या चमत्कारांना जेवढी जागा मिळते, तेवढी या संवादाला मिळाली तर भावंडांमधील समानतेचा एक अस्सल देशी नमुना मुलांपुढे येईल.

आधुनिक काळात या परंपरेला सर्वाधिक प्रभावी रूप दिले ते साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाने. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रकाशित झाले. त्यातील ‘बंधुप्रेमाची शिकवण’ हे प्रकरण येथे विशेष महत्त्वाचे आहे. धाकट्या भावाला नवा कोट हवा असतो आणि तो शिवण्याची घरची ऐपत नसते. दापोलीस शिकणारा श्याम खाऊसाठी मिळालेले पैसे साठवतो, कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला घरी घेऊन येतो. आईला आनंद होण्याआधी शंका येते की हे पैसे आले कोठून. या शंकेमुळे प्रकरणाला नैतिक ताण लाभतो. प्रेम असले तरी ते प्रामाणिक मार्गानेच व्यक्त व्हावे, हा विचार प्रसंगातूनच उमटतो.

या प्रकरणाचे मोल मान्य करूनही एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. येथे बंधुप्रेम थोरल्याच्या बाजूने सांगितले आहे आणि त्याची कसोटी आई घेते. धाकट्याच्या मनात काय चालले आहे, थोरल्याविषयी त्याला कधी राग वा असूया वाटते का, हा या लेखनाचा विषय नाही. साने गुरुजींच्या लेखनात दारिद्र्य आणि मातृप्रेम यांचा अनुभव इतका खरा आहे की ही उणीव जाणवत नाही. त्यांच्या अनुकरणातून लिहिलेल्या संस्कारकथांत मात्र अनुभव गळून पडला आणि बोध तेवढा उरला. भाऊ त्याग करतो, बहीण डोळे पुसते, आई धन्य होते, असा ठरीव साचा त्यातून तयार झाला.

४. कलह, क्षमा आणि मौन

अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ ही कादंबरी १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. शान्ता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने ती मराठीत आणली आणि येथील अनेक वाचकांना ती आपलीच वाटली. या कादंबरीतील एक प्रसंग भावंडांच्या चित्रणात मैलाचा दगड ठरावा असा आहे. नाटकाला बरोबर नेले नाही म्हणून रागावलेली धाकटी एमी, जो हिचे परिश्रमपूर्वक लिहिलेले हस्तलिखित जाळून टाकते. जो तिला क्षमा करण्यास नकार देते. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या नदीवर एमी बर्फ फुटून पाण्यात पडते. ती वाचते, परंतु आपल्या रागामुळे बहिणीचा जीव गेला असता या विचाराने जो हादरून जाते. यानंतर आई तिला उपदेशाचा डोस पाजत नाही. आपल्यालाही जवळजवळ दररोज राग येतो आणि तो आवरण्यास आपण अनेक वर्षे शिकत आहोत, असे ती मुलीला सांगते. राग येणे हा दुष्टपणा नव्हे, हे मुलीला आईच्या तोंडून कळते. क्षमा येथे सोपी नाही. म्हणूनच ती विश्वसनीय वाटते.

बंगालीत विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९२९) या कादंबरीतील दुर्गा आणि अपू ही भारतीय साहित्यातील बहुधा सर्वांत जिवंत भावंडे होत. या कादंबरीची मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती ‘आम आंटिर भेंपू’ या नावाने निघाली आणि तिची चित्रे सत्यजित राय यांनी काढली. दुर्गा आदर्श मुलगी नाही. ती रानोमाळ हिंडते, लोकांच्या बागेतली फळे उचलते, आईचा मार खाते आणि मिळालेल्या खाऊतला वाटा भावाला देते. मूळ कादंबरीत तिने चोरल्याचा आळ आलेली वस्तू तिच्या मृत्यूनंतर अपूला सापडते आणि तो ती कोणालाही न दाखवता फेकून देतो. बहिणीचे गुपित तो राखतो. भावंडांमधील निष्ठा व्यक्त करण्यासाठी लेखकाला येथे एकही उपदेशपर वाक्य लिहावे लागलेले नाही.

५. नव्या बाळाचे आगमन

मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांनी दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर पहिल्या मुलाच्या होणाऱ्या अवस्थेची तुलना पदच्युत राजाशी केली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बालपुस्तकांनी या अवस्थेची दखल घेतली. बेव्हर्ली क्लिअरी यांच्या ‘बीझस अँड रमोना’ (१९५५) या पुस्तकात नऊ वर्षांच्या बीझसला धाकट्या बहिणीचा इतका वैताग येतो की आपले तिच्यावर प्रेमच नाही की काय, या शंकेने ती अपराधी होते. आई आणि मावशी स्वतःच्या लहानपणची भांडणे हसत हसत सांगतात, तेव्हा बहिणीवर प्रत्येक क्षणी प्रेम वाटलेच पाहिजे असे नाही, हे तिला उमगते.

रसेल होबन यांच्या १९६४ मधील पुस्तकातील फ्रान्सिस धाकट्या बहिणीच्या आगमनानंतर घर सोडते, परंतु जाऊन बसते ती जेवणाच्या टेबलाखाली. एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘पीटर्स चेअर’ (१९६७) मधील पीटरचा पाळणा, पलंग आणि उंच खुर्ची बहिणीसाठी गुलाबी रंगवली जाते. उरलेली आपली छोटी निळी खुर्ची घेऊन तो घराबाहेर पडतो. तिच्यावर बसू पाहतो तेव्हा लक्षात येते की आपण तीत मावत नाही. आपण मोठे झालो आहोत हे मोठ्यांनी न सांगता त्याला स्वतःलाच कळते आणि तो वडिलांबरोबर ती खुर्ची रंगवायला बसतो. मत्सर वाटल्याबद्दल या पुस्तकात कोणालाही शिक्षा होत नाही.

या चित्रणाला संशोधनाचाही आधार मिळतो. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमधील केंब्रिज परिसरातील ४० कुटुंबांचा अभ्यास करून १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या घरांत आई नव्या बाळाविषयी, त्याच्या भावना आणि गरजांविषयी थोरल्या मुलाशी बोलत असे, तेथे पुढे भावंडांचे संबंध अधिक स्नेहाचे आढळले. अशा संभाषणाला निमित्त पुरवण्याचे काम चांगले पुस्तक करू शकते. थोरल्या मुलाला मांडीवर घेऊन पीटरची गोष्ट वाचताना जे बोलणे निघते, ते ‘आता तू दादा झालास, शहाण्यासारखे वाग’ या वाक्याने निघणार नाही.

६. ताईची जबाबदारी

भावंडांच्या चित्रणातील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न थोरल्या बहिणीचा आहे. कडेवर भावंड घेतलेली ताई हे चित्र मराठी मुलांना पुस्तकातून आणि प्रत्यक्षात सारखेच परिचित आहे. पुस्तकात ते वात्सल्याचे प्रतीक असते. प्रत्यक्षात ते अनेकदा शाळा सुटल्याचे कारण असते. हे वास्तव महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या अग्रणींनी फार पूर्वी ओळखले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी भागात ते पुढे नेले. हा परिसर आज पालघर जिल्ह्यात आहे. लहान भावंडांना सांभाळण्यासाठी मुली घरी राहतात हे ध्यानात घेऊन त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घातली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात, अशी ही रचना होती.

शिक्षणाच्या क्षेत्रात जे उत्तर शोधले गेले, त्याचे प्रतिबिंब बालसाहित्यात क्षीण आहे. ताईचे कष्ट गौरवले जातात, परंतु ताईला काय हवे होते हे विचारले जात नाही. भाऊबीज आणि राखीपौर्णिमा यांवरील कथांत भाऊ रक्षण करणारा व बहीण ओवाळणारी ही विभागणी गृहीत असते. बहिणीने केलेली रोजची राखण मात्र रक्षण म्हणून मोजली जात नाही. सहा हंसांच्या कथेतील मुकी बहीण अशा रीतीने वेगळ्या वेषात आजही वावरते.

७. बदलते कुटुंब आणि पुस्तकांची निवड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आहे. म्हणजेच अनेक घरांत मुलाला एखादेच भावंड आहे किंवा एकही नाही. चुलत, मामे, आते व मावस भावंडांची गाठ सुट्टीपुरती पडते. एकट्या मुलाला भावंडांचे नाते काही अंशी पुस्तकातूनच अनुभवावे लागणार असेल, तर ते नाते पुस्तकात खरे असणे अधिकच गरजेचे ठरते.

पुस्तक निवडताना पुढील प्रश्न उपयोगी पडतील : भावंडांपैकी प्रत्येकाला स्वतःचे मन आहे काय? राग किंवा मत्सर दाखवला असल्यास त्याची केवळ निंदा केली आहे काय? समेट मोठ्यांच्या हुकमाने होतो की मुलांच्या समजुतीने? घरातील काम भाऊ व बहीण यांच्यात कसे वाटले आहे? दिव्यांग, दत्तक किंवा सावत्र भावंड आल्यास ते दयेचा विषय म्हणून येते की खेळगडी म्हणून?

८. निष्कर्ष

(१) लोककथा व कहाण्यांनी भावंडांमधील अन्याय आणि कलह मोकळेपणाने मांडला. संस्कारकथांनी तो बव्हंशी झाकला.
(२) ‘श्यामची आई’ सारख्या कृतीचे सामर्थ्य अनुभवाच्या सच्चेपणात आहे. तिच्या अनुकरणातून आदर्शाचा साचा निर्माण झाला.
(३) ‘चौघीजणी’, ‘पथेर पांचाली’ आणि अमेरिकन चित्रपुस्तके यांतून दिसते की कलह दाखवल्याने प्रेम उणे होत नाही.
(४) थोरल्या बहिणीच्या श्रमाकडे तिच्या दृष्टीने पाहणाऱ्या मराठी बालकथांची निकड आहे.

ज्या मुलाला धाकट्या भावंडाचा राग येतो आणि पुस्तकात केवळ प्रेमळ दादा व सोशिक ताईच भेटतात, ते मूल आपण एकटेच वाईट आहोत असे समजू लागते. हा समज दूर करणे मराठी बालसाहित्याला सहज शक्य आहे. भावाने केलेला अपमान सांगून मग समेटाकडे वळणारी शुक्रवारची कहाणी आणि ताटीबाहेर उभी असलेली धाकटी मुक्ता या दोन्हींचा वारसा त्यापाशी आहेच.