गोचीड ताप: शत्रू पेशीच्या आत

वसमत, कळमनुरीकडे संकरित गाय सडकून तापली, रवंथ सोडून बसली, की जनावरांचे डॉक्टर आधी तिच्या खांद्यापुढची गाठ चाचपतात. ती टणक, फुगलेली लागली तर संशय गोचीड तापाचा, म्हणजे थायलेरिओसिसचा.

गोचिडातून येणारा ‘थायलेरिया अ‍ॅन्युलाटा’ हा एकपेशीय परजीवी थेट रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतच मुक्काम ठोकतो. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंना तो चिकटतो आणि दोन्ही पेशींत वाटला जातो. वर त्या पेशीला कर्करोगासारखं वाढतच ठेवतो. गाठ फुगते ती म्हणूनच.

पेशीच्या आत प्रतिपिंडं पोचत नाहीत. मग भिस्त टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर. ग्रासलेली पेशी परजीवीच्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडते. मारक टी पेशी ते ओळखून ती पेशीच परजीवीसकट संपवतात.

देशी जनावरं हा रोग संकरितांपेक्षा चांगला सोसतात. साहिवाल या देशी गायींच्या अभ्यासात दाहाची प्रतिक्रिया आटोक्यात राहिलेली दिसली. मला हेच मोलाचं वाटतं: प्रतिकार नुसता जोरदार असून भागत नाही, तो बेताचाही हवा.

‘रक्षाव्हॅक-टी’ ही या रोगावरची भारतीय लस आहे, पण ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. खेड्यात पोचवणं सोपं नाही. म्हणून गोठ्याच्या भिंतींतल्या भेगा बुजवा, गोचिडं तिथेच दडतात. आणि गाठ दिसताच डॉक्टरांना बोलवा. ब्युपार्वाक्वोन या औषधाचं इंजेक्शन लवकर मिळालं, तरच त्याचा पुरता उपयोग होतो.