जुना संगणक, नवी तबकडी आणि गावाचे दप्तर

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होय. या शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याने वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट वाशीम येथेच उपलब्ध झाला. चौथ्या शतकातील त्या पत्र्यांवर एका गावाच्या दानाची नोंद संस्कृत व प्राकृत भाषांत कोरलेली आहे आणि सुमारे सोळाशे वर्षांनंतरही अभ्यासकांना ती वाचता येते. आज त्याच परिसरातील ग्रामपंचायतीची कर आकारणी, शाळेची दाखल-खारीज नोंदवही आणि लाभार्थ्यांच्या याद्या संगणकातील एका तबकडीवर साठविलेल्या असतात. या तबकडीचे आयुष्य शतकांत नव्हे, वर्षांत मोजावे लागते.

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा हे त्याचे सहा तालुके. २०११ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पामुळे राज्यातील ग्रामपंचायतींत संगणक पोहोचले आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी ते कार्य पुढे चालविले. शाळांतही संगणक आले. अनेक शिक्षकांनी स्वतःच्या घरी संगणक घेतले व शाळेचे बरेचसे काम त्यावरच होऊ लागले. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे आता दहा वर्षांच्या घरात आली आहेत. ती संथ चालतात आणि ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना वारंवार देतात.

अशा वेळी सामान्यतः दोन मार्ग अवलंबिले जातात. जागा मोकळी करण्यासाठी जुन्या फायली पुसून टाकणे हा एक, आणि संपूर्ण यंत्रच मोडीत काढणे हा दुसरा. पहिल्यात अभिलेख जातो, दुसऱ्यात पैसा. जुन्या तबकडीच्या जागी अधिक क्षमतेची नवी तबकडी बसविणे हा तिसरा मार्ग बहुधा सोयीचा व अल्पखर्चाचा ठरतो. तथापि तो योग्य क्रमाने न अनुसरल्यास याच कामात वर्षानुवर्षांच्या नोंदी नाहीशा होण्याचा संभव असतो. म्हणून हा क्रम समजून घेणे आवश्यक आहे.

तबकडीचे कार्य

हार्ड डिस्क म्हणजे बंद पेटीतील चुंबकीय लेप असलेली, अतिवेगाने फिरणारी तबकडी. ग्रामोफोनच्या तबकडीवर जशी सुई, तशी येथे एक बारीक भुजा असते. मात्र तिचे टोक पृष्ठभागाला स्पर्श न करता केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावरून फिरते. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशा प्रकारची पहिली साठवण-यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या १ टेराबाइट क्षमतेच्या तबकडीवर एक लाख कोटी अक्षरे साठविता येतात.

इतक्या सूक्ष्म अंतरावर चालणाऱ्या यंत्राला धक्का, उष्णता आणि अचानक खंडित होणारा वीजपुरवठा हानिकारक असतो. वाशीमचा उन्हाळा तीव्र असतो. सोयाबीन व तूर यांच्या मळणीची धूळ खिडकीतून आत येते, संगणकाच्या पंख्यावर बसते आणि आतील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यातच लिहिणे चालू असताना वीज गेल्यास अर्धवट लिहिलेली फाइल निकामी होऊ शकते. या कारणांमुळे तीन ते पाच वर्षे सतत वापरलेल्या तबकडीकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. तबकडीतून टकटक असा आवाज येऊ लागल्यास किंवा फायली उघडताना वारंवार अडथळा येत असल्यास यंत्र पुनःपुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक हानी वाढते. ते बंद करून जाणकाराकडे सोपवावे.

जोडणीचा मेळ

नवी तबकडी विकत घेण्यापूर्वी जुन्या संगणकात तिची जोडणी होईल किंवा नाही, हे पाहावे लागते. वाशीमकरांना हा मुद्दा रेल्वेच्या उदाहरणाने सहज उमगेल. अकोला ते पूर्णा हा वाशीमवरून जाणारा लोहमार्ग २००८ मध्ये रुंदीकरण पूर्ण होईपर्यंत मीटरगेज होता. तोपर्यंत ब्रॉडगेजचा डबा कितीही चांगला असला तरी त्याला या रुळांवर चालणे शक्य नव्हते. संगणकातही असेच दोन ‘गेज’ आहेत. फार जुन्या यंत्रांत रुंद, चपट्या पट्टीची ‘आयडीई’ जोडणी असे. २००३ च्या सुमारास अरुंद वायरीची ‘साटा’ जोडणी आली आणि पुढे तीच रूढ झाली. ‘संग्राम’ काळातील किंवा त्यानंतरचे संगणक बहुधा ‘साटा’ जोडणीचे आहेत आणि त्यांना आजही नवी तबकडी मिळते. त्याहून जुन्या यंत्रावर खर्च करणे मात्र सहसा हितावह नसते.

तबकडीच्या आकाराकडेही लक्ष द्यावे. टेबलावरील संगणकात साडेतीन इंची, तर लॅपटॉपमध्ये अडीच इंची तबकडी बसते. लहान तबकडी मोठ्या जागेत बसवायची झाल्यास साधी धातूची चौकट पुरते.

किती मोठी तबकडी घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने न देता हिशोबाने द्यावे. नोंदवहीचे एक पान छायांकित करून साठविण्यास १ मेगाबाइट जागा लागते असे धरले, तरी एक लाख पानांना सुमारे १०० गिगाबाइट पुरतात. यावरून केवळ कागदपत्रांसाठी ५०० गिगाबाइटची तबकडी बहुतेक कार्यालयांना पुरेशी आहे असे दिसते. कार्यक्रमांची छायाचित्रे व चित्रफिती साठवावयाच्या असतील तर १ टेराबाइटची घ्यावी.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, १ टेराबाइटची तबकडी जोडल्यावर विंडोज प्रणाली ९३१ गिगाबाइट एवढीच जागा दाखविते. यात दुकानदाराने फसवणूक केलेली नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत. फरक केवळ मापाचा आहे. दुसरी गोष्ट मर्यादेची. जुन्या संगणकांतील विभाजनाची पद्धत सुमारे २ टेराबाइटपर्यंतच जागा मोजू शकते. त्यापुढील जागा त्या पद्धतीत वापरताच येत नाही. म्हणून जुन्या यंत्रासाठी याहून मोठी तबकडी घेण्यात अर्थ नाही.

जागेइतकाच प्रश्न वेगाचाही असतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती नोंद भुजेखाली येण्यास सरासरी चार सहस्रांश सेकंद लागतात आणि भुजा सरकण्याचा वेळ त्याशिवाय निराळा. ‘एसएसडी’ या नव्या प्रकारात फिरणारा एकही भाग नसल्याने हा विलंब जवळजवळ नाहीसा होतो. जुना संगणक एसएसडी बसविताच चपळ झाल्याचा अनुभव येतो तो यामुळेच. मात्र एसएसडी दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास तीवरील नोंदी क्षीण होऊ शकतात. यास्तव रोजच्या कामासाठी एसएसडी आणि प्रती जतन करण्यासाठी वेगळी हार्ड डिस्क, अशी विभागणी सोयीची ठरते.

आधी प्रत, मग पेचकस

या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम हाच होय. संगणक उघडण्यापूर्वी सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या तबकडीवर घ्यावी. नुसती प्रत घेऊन थांबू नये. ती दुसऱ्या संगणकावर जोडून काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. ग्रामपंचायतीने आपल्या नमुन्यांच्या फायली, कर आकारणी व मागणीच्या याद्या आणि ठरावांची छायांकित पाने, तर शाळेने दाखल-खारीज नोंदी व निकालपत्रके यांची यादी कागदावर करून त्याप्रमाणे पडताळणी करावी. मार्चअखेरीच्या धावपळीत हे काम काढू नये.

मराठी कार्यालयांत आणखी एक अडचण हमखास उद्भवते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत टंकलेखन होत असे. असा टंक नव्या तबकडीवर नसेल, तर जुनी फाइल उघडते खरी, पण तीत मराठीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकण्याची चूक अशा वेळी होते. म्हणून फायलींबरोबर टंकांचीही प्रत घ्यावी आणि शक्य तेवढा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा. अंकीय स्वाक्षरीची आज्ञावली व छपाईयंत्राची आज्ञावली यांचीही नोंद आधीच करून घ्यावी.

त्यानंतरचे काम तुलनेने सोपे आहे. जुनी तबकडी सुस्थितीत असल्यास तिची हुबेहूब प्रतिकृती नव्या तबकडीवर उतरविता येते. ती दोषयुक्त असल्यास प्रणाली नव्याने बसवून मग फायली आणाव्यात. संगणकाची वीज पूर्णपणे तोडून, अंगातील स्थिर विद्युत निघून जाण्यासाठी धातूला हात लावून मगच आतील भागांना स्पर्श करावा. पेटी उघडली असतानाच पंख्यावरील धूळ झाडावी आणि आतील नाण्याएवढा सेल बदलावा. हा सेल संपला की संगणकाची तारीख चुकते आणि त्यामुळे शासकीय संकेतस्थळे उघडण्यास किंवा अंकीय स्वाक्षरीस अडथळा येतो. दोष इंटरनेटचा आहे असे वाटते. वस्तुतः तो अल्प किमतीच्या सेलचा असतो.

जुनी तबकडी

काम पूर्ण झाल्यावर जुनी तबकडी लगेच पुसू नये. नव्या तबकडीवर महिनाभर काम सुरळीत चालल्याची खात्री होईपर्यंत ती कपाटात कुलपात ठेवावी. तिच्यावर गावकऱ्यांच्या आधारपत्रांच्या व बँक पासबुकांच्या प्रती असतात. फाइल नेहमीच्या पद्धतीने काढून टाकली तरी तिचा मजकूर तबकडीवर राहतो व सहज उपलब्ध साधनांनी परत मिळविता येतो. म्हणून ती भंगारवाल्याच्या हाती देणे म्हणजे गावाचे खासगी दप्तर रस्त्यावर टाकणे होय. संपूर्ण तबकडीवर पुनर्लेखन करून किंवा ती निकामी करून, जडवस्तू संग्रह नोंदवहीत रीतसर निर्लेखन करून, नंतरच ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी. ई-कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

या उपायाची मर्यादा

नवी तबकडी म्हणजे नवा संगणक नव्हे. ज्या यंत्राची कार्यकारी स्मृती २ गिगाबाइटच आहे, त्याचा वेग केवळ तबकडीने फारसा वाढत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यापुढील विंडोज ११ प्रणाली बहुसंख्य जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रांवर ‘सीडॅक’ने विकसित केलेल्या ‘बॉस’सारख्या लिनक्स प्रणालीचा विचार करता येईल, परंतु कार्यालयाच्या आज्ञावल्या तीवर चालतात की नाही, हे आधी पडताळून पाहिले पाहिजे. ज्या यंत्रावर हे शक्य नाही, ते इंटरनेटपासून अलग ठेवून केवळ जुने अभिलेख पाहण्यासाठी वापरणे इष्ट.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून, योग्य असतील तेवढे वाजवी मुदतीत संगणकीकृत करावयाचे आहेत. ‘तबकडी खराब झाली’ हे उत्तर नागरिकाचे समाधान करू शकत नाही. म्हणून तबकडी कितीही मोठी व नवी असली तरी महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी वेगळ्या तबकडीवर आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत. ग्रामसभेच्या किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ‘शेवटची प्रत कधी घेतली?’ हा एक प्रश्न दर तीन महिन्यांनी विचारला गेला आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदले गेले, तर गावाचे दप्तर सुरक्षित राहील. तांब्याच्या पत्र्यावरील नोंद शतकानुशतके टिकली. तबकडीवरील नोंदीची जपणूक माणसांनाच वेळोवेळी करावी लागणार आहे.