तीन मिलिलिटरचं पॅकिंग

जुलै २०१५ मध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. माणसांना टोचायचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक यापुढे ३ मिलिलिटरच्या, एकाच मात्रेच्या पॅकिंगमध्ये विकायचं. मोठ्या बाटल्या बंद. वाचायला हा औषधविक्रीचा किरकोळ नियम. पण आपल्या गिधाडांसाठी आजवर जे झालं, त्यात या नियमाचं मोल मला एखाद्या अभयारण्याहून अधिक वाटतं.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना माना टाकून बसलेली आणि मग झाडांखाली मरून पडलेली गिधाडं दिसू लागली. पुढे देशभर हेच चित्र दिसलं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरलं. साथीच्या रोगाचा संशय होता, म्हणून शास्त्रज्ञ विषाणू शोधत राहिले. उत्तर मिळालं पाकिस्तानी पंजाबात. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्यांनी जंतूंचा नाद सोडून पशुवैद्यांना आणि औषध दुकानदारांना विचारलं, की गुरांना असं कोणतं औषध देता, जे मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल? उत्तर एकच निघालं, डायक्लोफेनॅक. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या ज्या पक्ष्यांची तपासणी केली, त्या प्रत्येकात ते सापडलं. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इतकी वर्षं न उलगडलेलं कोडं दुकानदाराच्या फळीपाशी सुटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एका मेलेल्या गुरावर डझनावारी गिधाडं उतरतात. त्यामुळे शंभरातल्या एका मढ्याहूनही कमी प्रमाणात मढ्यांमध्ये हे औषध असलं, तरी सगळी जात संपायला ते पुरतं, असं गणिताने दाखवून दिलं.

२००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं, आणि ते झालं म्हणूनच बंदीला अर्थ आला. बैल लंगडला की शेतकऱ्याची पेरणी अडते; त्याच्या हातात दुसरं औषध न देता पहिलं काढून घेणं हा अन्याय ठरला असता. तरीही गळती राहिलीच. माणसांच्या औषधाची ३० मिलिलिटरची स्वस्त बाटली गुरांना सोयीची पडे. ती बंद करायला २०१५ उजाडलं. औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवला. माणसांच्या औषधाचं पॅकिंग ठरवणारं खातं वन खात्याच्या शेजारी बसल्याशिवाय हे घडणं शक्य नव्हतं.

पुढचा इतिहास मात्र संताप आणणारा आहे. केटोप्रोफेन हे वेदनाशामकही गिधाडांना मारतं, हे २०१० च्या सुमाराला कळलं होतं. अ‍ॅसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं. बांगलादेशाने २०२१ मध्येच केटोप्रोफेन बंद केलं. आपल्याकडे या दोन्हींवर बंदी आली २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइड या तशाच औषधावर २०२४ च्या अखेरीस. औषध आधी बाजारात येतं, पक्षी मरतात, मग अभ्यास, मग बंदी. हा क्रम उलटा व्हायला हवा.

गिधाडं गेल्याची किंमत माणसांनीही मोजली. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे ५ लाख जास्तीचे मृत्यू झाले. सडती मढी, दूषित पाणी आणि वाढलेली भटकी कुत्री ही त्यामागची साखळी.

महाराष्ट्रात नाशिककडच्या खोरीपाड्यात वन खातं आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी मेलेली गुरं ठरावीक जागी ठेवतात. असं जनावर ठेवण्याआधी मालकाला विचारावं लागतं, की शेवटच्या दिवसांत त्याला कोणतं इंजेक्शन दिलं होतं? उत्तर द्यायला पशुवैद्याची नोंद लागते आणि ती गावोगाव नसते. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून १० लांब चोचीची गिधाडं ताडोब्याला आणि १० पांढऱ्या पाठीची पेंचला आणली. मोकळं सुटलेलं गिधाड व्याघ्र प्रकल्पाची हद्द पाळत नाही. ते एका दिवसात दुसऱ्या जिल्ह्यात पोचतं. तेव्हा चंद्रपूर, नागपूर, गडचिरोलीतल्या औषध दुकानांची तपासणी, जनावरांच्या दवाखान्यात मेलॉक्सिकॅमचा पुरेसा साठा आणि प्रत्येक इंजेक्शनची नोंद, यांची जबाबदारी अन्न व औषध प्रशासन आणि पशुसंवर्धन खात्याने लेखी स्वीकारली पाहिजे.