पान मोकळे, फूल गुन्हेगार

गांजाच्या झाडाची पाने वाटून भांग केली, तर केंद्राचा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा तिला हात लावत नाही. त्याच झाडाचा फुलोरा वाळवून चिलमीत भरला, तर मात्र तुरुंगाची वाट मोकळी होते. वाराणसीत आणि जैसलमेरला भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगही परवान्याशिवाय चालत नाही. एकाच झाडाची ही वाटणी कशाच्या आधारावर झाली, हे शोधायला १८९३पर्यंत मागे जावे लागते. तिथून आजवरचा प्रवास पाहिला की, गांजावरची बंदी आपण नीट चौकशी करून घातलेलीच नाही, हे लक्षात येते. म्हणून ती ठेवायची की उठवायची, या वादाआधी चौकशी व्हायला हवी.

१८९३च्या मार्चमध्ये डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवादी खासदाराने ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न काढला आणि त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला गेला. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यात गांजा प्रामुख्याने अहमदनगर भागात पिकत असे, तेव्हा आपला मुलूखही या तपासणीत होताच. गांजाने वेड लागते, हा सर्वांत गंभीर आरोप होता आणि वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे त्याला पुरावा म्हणून दिले जात. आयोगाने ते आकडे कुठून येतात हेच तपासले. रुग्णासोबत येणाऱ्या कागदात वेडाचे कारण लिहायला एक रकाना असे. माणूस कधी गांजा ओढत होता असे कळले की पोलीस त्यात गांजा लिहून मोकळे होत आणि इस्पितळाच्या वहीत तेच उतरे. १८९२ सालची अशी २२२ प्रकरणे आयोगाने एकेक करून पाहिली, तेव्हा त्यांतली ९८च टिकली. बेताचे सेवन फारसे अपायकारक नाही, अतिरेक घातक आहे, सरसकट बंदीची गरज नाही. कर, परवाने आणि लागवडीवर देखरेख ठेवावी, असा निष्कर्ष १८९४च्या अहवालाने काढला.

सरकारला अबकारी उत्पन्न हवे होते, म्हणून हा निष्कर्ष निघाला, असा आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्यासारखा नाही. तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, सोशी शिखरेश्वर रॉय आणि लाला निहाल चंद यांनी, भिन्न मत नोंदवलेच होते. पण ते मत अहवालात छापले गेले, विरोधी साक्षीही छापल्या गेल्या. त्यामुळे आज कोणालाही तो निष्कर्ष मूळ पुराव्यावर घासून पाहता येतो. नंतरच्या बंदीबाबत असे काही तपासायला हाती लागत नाही.

बंदी आली ती बाहेरून. १९२५च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या आग्रहाने गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याला हेरॉइनच्या पंगतीला बसवले गेले. झाडाचा फुलोरा आणि राळ यांवर बंधन आले. फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बी वगळली गेली. रूढ सेवन बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली. ती सरत आली तेव्हा, ऑगस्ट १९८५मध्ये, एनडीपीएस विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. शतकानुशतके चालत आलेल्या व्यवहाराला गुन्हा ठरवायला महिनाही लागला नाही. पान आणि फूल यांतली करारातली रेघ आपल्या कायद्यात जशीच्या तशी उतरली.

गांजा निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नाही. एम्सच्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात आणि त्यांतल्या ७२ लाखांना मदतीची गरज आहे. कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्यांना मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात ते ऐकलेच पाहिजे. पण नुसत्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद करून या ७२ लाखांतल्या कोणाचे व्यसन सुटणार आहे? शिक्षेच्या भीतीने माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, तो लपतो. बंधन सैल केले की अनर्थ होईल, असे म्हणणारे थायलंडकडे बोट दाखवतात. तिथे २०२२मध्ये नियम तयार होण्याआधीच गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला गेला, गल्लोगल्ली दुकाने निघाली आणि २०२५मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. हा धडा घ्यायलाच हवा, पण तो घाईचा धडा आहे, आणि १९८५ला आपणही घाईच केली होती.

२ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक सूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. तिथे जे मान्य केले त्यावर घरी चर्चा करायला काय हरकत आहे? डॉक्टर, शेतकरी, पोलीस, व्यसनातून सुटलेले आणि न सुटलेले, सगळ्यांच्या साक्षी घेणारा नवा आयोग नेमावा आणि त्याचा अहवाल येईपर्यंत नुसत्या सेवनासाठी कोणाला कोठडीत टाकू नये. वेडाच्या कारणाचा तो रकाना न विचारता भरला जात होता, हे १८९४मध्ये उघड झाले. आजही शाळा सोडलेल्या पोराच्या, रस्त्यावरच्या भांडणाच्या, घर मोडल्याच्या नावापुढे आपण गांजा लिहून मोकळे होतो. खरे कारण शोधायचे कष्ट तेव्हा एकदा घेतले गेले होते, ते पुन्हा घ्यायला हवेत.