दाखल्यावरचा धर्म

कल्याणला रेल्वेच्या चाळीत आमच्या भिंतीवर क्रूस होता आणि ट्रंकेत दाखला होता, 'हिंदू महार' असा. बाप म्हणायचा, "देव बघतो, पण साहेबही बघतो." त्याला मी भित्रा म्हणणार नाही. आम्ही मूळ नगर जिल्ह्यातले. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केले आणि पुढे महार-मांगांची कितीतरी घरे ख्रिस्ती झाली, आमचे त्यांतलेच. पण राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख, 1990 साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात जागा मिळाली, एवढेच. जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने गेली नाही. सोयरिकीत ती विचारली जातेच.

मग श्रद्धा वाढते म्हणजे काय होते? प्रार्थना लांबली म्हणून ती वाढली, असे मी मानीत नाही. भय कमी होते तेव्हा ती वाढते. डोंबिवलीत मुलाच्या शाळेच्या अर्जावर मी 'ख्रिस्ती' लिहिले, तेव्हा हात थरथरला. देव नुकसान भरून देईल, असा सौदा मी केला नव्हता. नुकसान झाले तरी खोटे लिहायचे नाही, एवढाच भरवसा.

पण सोसणे हाच धर्म, असे कोणी सांगू नये. 1938 साली सोलापुरात बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला सुनावले होते की, सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही लढला नाहीत. तो आरोप अजून आमच्यापुढे उभा आहे. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने हक्कही मागितला पाहिजे.