मुक्काम नागपूर

मुंबई-पुण्याच्या रसिकाला एक सवलत जन्मतःच लाभलेली असते आणि ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचे मोल त्याच्या ध्यानीही येत नाही. आज एखादे नाटक चुकले, तर ते पुढल्या शनिवारी पाहता येते, आणि तेही चुकले तर पुढल्या महिन्यात. नागपूरच्या रसिकाच्या वाट्याला ही सवलत कधीच आली नाही. आगगाडीने आठशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर तोडून, पडदे, पेटारे, पोशाख आणि नटवर्ग असा सारा सरंजाम घेऊन मंडळी येथे उतरत, दोन-तीन रात्री प्रयोग करीत आणि अमरावती-अकोल्याच्या वाटेने परतत. त्यानंतर ते नाटक पुन्हा दृष्टीस पडेल, याची हमी कोणी देत नसे. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात सचिवालयातले कारकून, हायकोर्टातले वकील, महाविद्यालयांतले अध्यापक अशी नाटकाची आणि गाण्याची गोडी असलेली वस्ती मुबलक होती; उणीव होती ती प्रयोगांची. नागपूरकराची रसिकस्मृती जी एवढी तल्लख झाली, तिचे श्रेय मी त्याच्या बुद्धीपेक्षा या टंचाईलाच देतो.

धरमपेठेत, महालात किंवा सीताबर्डीच्या जुन्या गल्ल्यांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या कोणाही रसिकापुढे नाटकाचा विषय काढावा, म्हणजे याचा प्रत्यय येतो. तो सन-तारीख सांगणार नाही, पण धाकट्या बहिणीचे लग्न ठरले त्या हिवाळ्यात, असा दाखला देईल. कथानक त्याला पुसट आठवत असेल, पण नटाने दुसऱ्या अंकात उपरणे कोणत्या खांद्यावरून काढले, हे तो उठून उभा राहून दाखवील. आणि प्रयोग सुटल्यावर कडाक्याच्या थंडीत, सायकली हातात धरून, त्यांवर न बसता, मित्रमंडळी कोठवर वाद घालीत चालत गेली, याच्या वर्णनास मूळ नाटकापेक्षा अधिक वेळ घेईल.

या साऱ्या साक्षींत एक पत्ता वारंवार येतो, तो झाशी राणी चौकाजवळच्या धनवटे रंगमंदिराचा. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या जागेतले हे नाट्यगृह कित्येक वर्षे नागपूरच्या नाट्यव्यवहाराचे केंद्र होते. पुढे ते पाडण्यात आले आणि तेथे संघाचे सांस्कृतिक संकुल उभे राहिले. नव्या इमारतीविषयी माझी तक्रार नाही, जुनी वास्तू चिरंतन असावी असा हट्टही नाही. परंतु वास्तू गेली म्हणजे आठवणींचा तंटा मिटविणारा पंच जातो. तिकिटांची खिडकी कोणत्या अंगाला होती, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज स्वच्छ येत असे की नसे, यावर दोन जुने स्नेही आजही इरेस पेटतात, आणि चला, जाऊन पाहू, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

त्याआधीची पिढी बालगंधर्वांची. ‘एकच प्याला’तली त्यांची सिंधू पाहिल्याचे घरातले वडीलधारे सांगत, तेव्हा त्यांच्या आवाजात जो गहिवर येई तो मुलांना अतिशयोक्तीचा वाटे, कारण मुलांपुढे पुरावा म्हणून होती ती केवळ ग्रामोफोनची तबकडी, आणि त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर तेच पद, ऑर्गन आणि सारंगी यांच्या साथीत, एका काळात तर अहमदजान थिरकवांसारख्याच्या तबल्यावर, वन्समोअरमागून वन्समोअर घेत कितीतरी वेळ चाले; श्रोत्यांची दाद पाहून नटाने घेतलेली एखादी जागा, ती पुन्हा मागितली गेल्यावर दुसऱ्या वळणाने घेतलेली तीच जागा, हा सगळा मामला तबकडी करणाऱ्याला वगळावाच लागे. तबकडी हा त्या गायनाचा गोषवारा होता, अस्सल दस्तऐवज श्रोत्यांपाशी होता, आणि तो त्यांच्याबरोबरच गेला. या नाटकाशी नागपूर मुलखाचे एक उदास नातेही आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे, वयाच्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले, आणि ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर, फेब्रुवारीत, बडोद्याला. ज्या नाटकाच्या आठवणींवर पुढल्या दोन पिढ्यांनी गुजराण केली, त्याचा एकही प्रयोग त्याच्या कर्त्याला पाहावयास मिळाला नाही.

त्याच पिढीत आणखी एक दावा हटकून ऐकू येई. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. तो प्रयोग प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारे महाराष्ट्रात इतके निघत की त्या सर्वांना बसावयास एक थिएटर पुरणे अशक्यच होते. ही मंडळी असत्य बोलत होती, असे मात्र मला वाटत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की स्मरण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू बाहेर काढणे नव्हे. एक परकी लोककथा त्यांनी वाचकांना दिली, काही काळाने ती सांगावयास लावली, तेव्हा वाचकांनी त्यातले अपरिचित भाग गाळले आणि उरलेली कथा आपल्या चालीरीतींना जुळेल अशी रचून घेतली. १९८६ साली अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान आकाशात फुटले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांकडून ही वार्ता कोठे व कशी कळली, ते लिहून घेतले; काही वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा केले, तेव्हा कित्येकांनी अगदी निराळी हकीकत दिली, आणि ती पूर्ण खात्रीने दिली. वडिलांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकलेला प्रयोग मुलाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि पुढे तो स्वतःच पहिल्या रांगेत बसलेला असतो, यात नवल ते काय?

याच शास्त्राने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली आहे, ती वृद्ध रसिकांनी जरा विचारात घ्यावी. साठी उलटलेल्या माणसाला आपल्या आयुष्याविषयी विचारले, तर साधारणतः दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट निघतात. पूर्वीसारखे गाणे आता राहिले नाही, या तक्रारीचा काही हिस्सा गाण्याविषयीचा असतो; पण बराच मोठा हिस्सा विशीतल्या कानांविषयीचा असतो, आणि त्याचा जमाखर्च आजच्या गायकाच्या नावे मांडणे न्यायाचे नाही.

आठवण कधी कधी कामाला लागते. महेश एलकुंचवारांनी सांगितलेली हकीकत आहे: साठच्या दशकात, तरुणपणी, नागपुरात ते चित्रपटास म्हणून निघाले, तिकीट मिळाले नाही, म्हणून नाटकास जाऊन बसले. नाटक तेंडुलकरांचे, ‘मी जिंकलो! मी हरलो!’, आणि दिग्दर्शन विजया मेहता यांचे. त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जाऊन बसले, आणि नाटकच लिहावयाचे, या निश्चयाने वाचनास लागले. १९६७ साली त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली, पुढे त्यांची नाटके स्वतः विजयाबाईंनी बसविली, त्यांत १९८५चे, विदर्भातल्या एका ढासळत्या वाड्याचे ‘वाडा चिरेबंदी’ही होते. दौऱ्यावर आलेल्या मंडळींचा मुक्काम एका रात्रीपुरताच असता, तर? असल्या प्रश्नांना उत्तर नसते, हे मला मान्य आहे, तरी तो मनात येतोच.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७च्या डिसेंबरात मुंबईच्या ‘नाट्यसंपदे’ने रंगभूमीवर आणले, हे सर्वश्रुत आहे, परंतु ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे मास्तर, येथल्या ‘रंजन कला मंदिरा’चे सूत्रधार, आणि खाँसाहेब आफताब हुसेन झालेले वसंतराव देशपांडे हे १९२० साली मूर्तिजापुरास जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी स्वर गिरविलेले. ज्या गायकाने उमेदीची वर्षे लष्कराच्या हिशेबखात्यात आकडेमोड करीत काढली, त्याच्या गळ्यातून पंजाबपासून किराण्यापर्यंतच्या ढंगांची जी सरमिसळ निघे, तीच मुळी आयुष्यभर जे जे ऐकले त्याची कमाई होती. आणि नाटकाचा विषय तरी कोणता? गुरू शिकवीत नाही, म्हणून सदाशिव चाकरी पत्करून, आडून राहून, खाँसाहेबांचे गाणे कानांनी टिपून घेतो. जितेंद्र अभिषेकींच्या चाली, घराण्यांचा झगडा, दरबारी बाणा, हे सारे वजा केले तरी उरते ती एका श्रोत्याच्या स्मरणाची गोष्ट. हे नाटक नागपुरास पाहुणे म्हणून आले, तेव्हा प्रेक्षकांत मास्तरांचे विद्यार्थी होते, वसंतरावांना लहानपणापासून ओळखणारे होते, आणि टाळ्या जरा लवकरच पडत होत्या. येथल्या माणसाने केले, या अभिमानाने कित्येक जागा झाकोळून गेल्या, असे मला तेव्हाही वाटले. वसंतरावांची गोष्ट अशी की एकच पद दोन प्रयोगांत ते एकसारखे गात नसत. ध्वनिमुद्रिका ऐकून ज्याला ते पाठ झाले, त्याच्या मनात एकच ‘कट्यार’ असते. ज्याने प्रयोग पाहिले, त्याच्या मनात त्या अनेक असतात आणि त्यांची एकमेकींत भेसळही झालेली असते. ही भेसळ मला प्रिय आहे.

नागपूरच्या पूर्वेस, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीची रंगभूमी मात्र या टंचाईपासून मुक्त आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट लागतो, आणि वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग करीत हिंडतात. तेथला प्रेक्षक तीन नाटके एकाच हंगामात पाहतो, लेकीबाळींना माहेरी बोलावतो आणि पहाटे घरी जातो; कोणते नाटक कोणत्या गावी पाहिले, याविषयी तो बेफिकीर असतो.

आता नागपुरासही दिवस बरे आले आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे, आणि २०१७ साली रेशीमबागेत कविवर्य सुरेश भटांच्या नावाचे भव्य सभागृह उघडले. प्रयोग वाढले, विमाने वाढली, आणि श्रोत्यांच्या हातांतले मोबाईलही वाढले. समोर गायक असता त्याला काचेच्या तुकड्यातून पाहणारे लोक घरी गेल्यावर ते चित्रण पुन्हा पाहतात काय, याविषयी मला दाट शंका आहे. मैफलीचे घड्याळही बदलले. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाले. वर्षातल्या ठराविक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत मुभा मिळते, तेवढीच. शेजाऱ्याच्या झोपेचा हक्क मी मोलाचा मानतो, म्हणून या हुकमाविरुद्ध अर्ज करणार नाही. पण रात्रभर बसून, तबल्याची वादी सैल पडत असता, उत्तररात्रीचा ललत त्याच्या वेळी ऐकण्याचा योग त्यामुळे दुर्मीळ झाला. त्याची भरपाई काही अंशी ‘दिवाळी पहाट’ करते: उद्यानात, अभ्यंगस्नान उरकून, नव्या कपड्यांनिशी आलेली मुले भटियार आणि ललत ऐकतात, आणि त्या रागांची त्यांची आठवण पुढे उटण्याच्या वासाशी व चिवड्याच्या पुडीशी बांधलेली राहील. मध्यरात्रीच्या मालकंसाची सोय मात्र अद्याप कोणा संयोजकाने लावलेली नाही. बंदिस्त सभागृहास कायद्याची आडकाठी नसूनही, तेथल्या पहारेकऱ्यास घरी जावयाचे असते.