गच्चीवरचं आकाश – लेखांक ९ : संमीलन ते उन्मीलन

गेल्या आठवड्यात आपण बुंदीच्या झाऱ्यातून भिंतीवर सूर्याच्या कोरी पाडल्या. मिरा रोडच्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवरून खंडग्रास ग्रहण पाहायला तेवढं पुरतं. २५ ऑक्टोबर २०२२ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, उत्तनच्या किनाऱ्यावर गेलेल्यांना तर कोपरा खाल्लेला सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसला. होड्या पुढे आणि ग्रासलेलं बिंब मागे, असा फोटो पुन्हा केव्हा मिळेल कोण जाणे. पण खंडग्रास आणि खग्रास यांतला फरक हा कमी-जास्तीचा नाही. खग्रास ही गोष्टच वेगळी आहे.

२२ जुलै २००९ला सुरतेत खग्रास होतं आणि आपल्याकडे नव्वद टक्क्यांहून अधिक सूर्य झाकला जाणार होता. ‘नव्वद काय नि शंभर काय, त्यासाठी सुरतेला कशाला?’ हा प्रश्न तेव्हा मला घरीदारी सगळीकडे ऐकावा लागला. उत्तर साध्या गुणाकारात आहे. सूर्याभोवतीचं प्रभाकिरीट, म्हणजे करोना, सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखांश तेजाचं असतं. पौर्णिमेच्या चंद्राइतकं म्हणा. सूर्याचे शंभरातले पंच्याण्णव भाग झाकले, तरी उरलेले पाच भाग प्रभाकिरीटाच्या पन्नास हजार पट तेजस्वी असतात. त्या झगझगाटात ते दिसणार कसं? शेवटचा कणसुद्धा झाकला गेला पाहिजे. त्यासाठी सावलीच्या पट्ट्यात जाऊनच उभं राहावं लागतं.

पंचांगात ग्रहणाच्या पानावर फार नेमके शब्द आहेत: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. खंडग्रासाला स्पर्श, मध्य आणि मोक्ष एवढे तीनच लागतात. संमीलन म्हणजे बिंब पूर्ण झाकलं तो क्षण आणि उन्मीलन म्हणजे पहिला किरण परत फुटला तो क्षण. फोटो काढणाऱ्याने वेधाचं खाणंपिणं काय पाळायचं ते आपलं आपण ठरवावं, पण हे दोन शब्द पाठ करावेत, कारण फिल्टरचा सगळा नियम त्यांच्यात आहे. स्पर्शापासून संमीलनापर्यंत भिंगावर सौर फिल्टर हवाच. तो लाखातला जेमतेम एक भाग प्रकाश आत सोडतो. शेवटच्या किरणाची ‘हिऱ्याची अंगठी’ चमकून विझली, संमीलन झालं, की फिल्टर काढायचा. नाही काढलात तर फोटोत निव्वळ काळोख येईल. उन्मीलनाची चाहूल लागताच तो परत लावायचा आणि डोळ्यांवरचा चष्माही.

फिल्टर भिंगाच्या पुढे लावायचा, डोळ्यापाशी नव्हे. ग्रहणाचा चष्मा घालून कॅमेऱ्याच्या किंवा दुर्बिणीच्या आत डोकावणं हा सर्वांत घातक प्रकार: भिंगाने एकवटलेलं ऊन चष्म्याची फिल्म जाळून थेट डोळ्यात उतरतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा झाल्याचं नंतरच लक्षात येतं. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच तर घराबाहेर नेऊच नका.

भिंग किती मोठं हवं? सूर्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी पडते. ५०० मिमी भिंगात ती साडेचार मिलिमीटर भरते. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. म्हणजे चारही बाजूंना प्रभाकिरीट पसरायला जागा राहते. त्याहून लांब भिंग लावलंत तर बिंब मोठं दिसेल, पण किरीट कापलं जाईल. फ्लॅश बंद, ऑटोफोकस बंद. फोकस आधी खंडग्रास बिंबाच्या कडेवर जुळवून घ्या आणि भिंगाच्या कड्याला चिकटपट्टी लावून टाका. किरीट आत झळझळीत आणि बाहेर धूसर असतं, एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागापासून सुरुवात करून पायरीपायरीने एका सेकंदापर्यंत एक्स्पोजर वाढवत न्यायचं. एवढं सगळं दोन-तीन मिनिटांत. तालमीशिवाय जमत नाही.

तालीम कशी करतात ते बघायचं असेल तर १८९८ सालात जावं लागेल. २२ जानेवारी १८९८च्या दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गापाशी कोकणात शिरली आणि महाराष्ट्र ओलांडून गेली. सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होते आणि ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्यांचे मदतनीस. आपल्या वाट्याचं एकच काम घोटून घोटून पक्कं करायला त्यांना लावलं होतं. (विजयदुर्गावरून लॉकियरने १८६८ साली हेलियम शोधला असं तिथे ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी आजही सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ची सावली तिथूनच गेली हे खरं, पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी.) पुणे-सोलापूर मार्गावरचं जेऊर स्टेशन अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल. तिथे अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांनी चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा उभारला होता. आपल्याच हिशोबाने त्यातली सूर्यप्रतिमा अकरा सेंटिमीटरची! पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही जेऊरलाच होते. पूर्ण अंधार जेमतेम दोन मिनिटांचा. पण मला सर्वांत कौतुक वाटतं ते वऱ्हाडातल्या तळणीला आलेल्या ॲनी माँडर यांचं. दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने त्यांनी किरीटाची एक शलाका टिपली. इतकी लांब शलाका तोवर कुणाच्या फोटोत आली नव्हती. महागडी भिंगं खांद्यावर मिरवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आमच्यासारख्यांनी म्हणजे माझ्यासारख्यांनी. २००९ला आम्ही चौघं बोरिवलीहून रात्रीच्या गाडीने सुरतेला गेलो. दोन कॅमेरे, दोन तिवया. आषाढातली अमावास्या, आभाळ गच्च भरलेलं. साडेसहाच्या आत सकाळचं फटफटलेलं उजेडाचं पाणी कुणी उपसून घ्यावं तसा अंधार झाला, कावळे घरट्यांकडे वळले, रस्त्यावरचे दिवे लागले. तीनेक मिनिटांनी परत पहाट. एवढा वेळ मी खाली मान घालून कॅमेऱ्याचं बटण दाबत होतो, ढग विरतील या आशेने. मेमरी कार्डावर राखाडी रंगाचे चाळीस फोटो आले. सोबत आलेल्या वहिनींकडे कॅमेरा नव्हता. पश्चिमेकडून ढगांच्या पोटावरून सावली धावत आली ती फक्त त्यांनी पाहिली.

तेव्हापासून माझा नियम असा: संमीलनानंतरचा निम्मा वेळ कॅमेऱ्याला, निम्मा डोळ्यांना. पहिलंच खग्रास असेल तर सगळा डोळ्यांना.

ग्रहणांचं एक चक्र असतं. १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी त्याच कुळातलं ग्रहण परत येतं. त्या आठ तासांत पृथ्वी एकतृतीयांश फेरी फिरलेली असते, म्हणून पट्टा पश्चिमेला सरकतो. सुरतेच्या ग्रहणाच्या तारखेत १८ वर्षं ११ दिवस मिळवून पाहा: २ ऑगस्ट २०२७, सोमवार, पुन्हा आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. या वेळी पट्टा स्पेन, मोरोक्को, इजिप्तवरून जातो. लक्झरला सहा मिनिटांहून अधिक काळ अंधार, आणि ऑगस्टात तिथे ढग औषधालाही नसतात. सुरतेनंतर भारताच्या भूमीला खग्रास सावली शिवायची ती २० मार्च २०३४ला, काश्मीर-लडाखच्या बाजूला. ज्यांना लक्झर जमणार नाही त्यांना २०२७च्या त्या उतरत्या दुपारी मिरा-भाईंदरहून खंडग्रास दिसेल. पाऊस थांबला असेल, तर.